मुलीची पहिली: गावची जिल्हा परिषद शाळा की तालुक्याचे कॉन्व्हेंट?

धुऱ्यावरची बोर

सर्वांना नमस्कार. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणापासून चौदा किलोमीटर आत आहे. पाच एकर कोरडवाहू शेती आहे. त्यात कापूस, तूर आणि थोडे सोयाबीन असते. मुलगी सध्या अंगणवाडीत जाते आणि येत्या सत्रात तिला पहिलीत घालायचे आहे. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट सत्तावीस, शिक्षक दोन. तालुक्याला तीन कॉन्व्हेंट आहेत (आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही खासगी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे नन असोत वा नसोत) आणि त्यांपैकी एकाची पिवळी गाडी सकाळी पावणेसातला आमच्या फाट्यावर येते.

घरात दोन तट पडले आहेत. जाऊबाईंचा मुलगा त्याच कॉन्व्हेंटमध्ये दुसरीत आहे. पाहुणे आले की त्याला इंग्रजी कविता म्हणायला उभे केले जाते, आणि ती संपली की सगळे माझ्या मुलीकडे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेमुळेच मी हा धागा काढला आहे, हे आधीच कबूल करते.

खर्चाचा हिशेब असा: वर्षाची फी २४,००० रुपये, गाडीचे दहा महिन्यांचे ९,०००, आणि पुस्तके, दोन तऱ्हेचे गणवेश व बूट मिळून ६,०००, म्हणजे एकूण ३९,०००. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. सारा कापूस हमीभावाने गेला असे धरले, जे होत नाही, तरी पाच क्विंटलांहून अधिक कापूस एका मुलीच्या पहिलीला लागतो. आमच्या वावरात तो जवळपास एका एकराचा उतारा आहे, आणि त्यातून बियाणे, फवारणी व वेचणीची मजुरी अजून वजा केलेली नाही. धाकटा दीड वर्षाचा आहे, म्हणजे पुढे हा हिशेब दुप्पट होणार. पहिला हप्ता मार्चमध्ये मागतात. तोवर चुकारे आलेले असतात खरे, पण ते खतवाल्याच्या उधारीत गेलेले असतात.

काटकसर करून पैसे उभे करता येतील. ते नेमके कशासाठी उभे करायचे, एवढे मला जाणत्यांकडून समजून घ्यायचे आहे.

खडू आणि फळा (अमरावती)

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झालो आहे. त्यामुळे माझे म्हणणे थोडे एका बाजूला झुकलेले असेल, हे गृहीत धरून वाचावे.

"खासगी की सरकारी" या प्रश्नाचे उत्तर कोणी देऊ नये, कारण तुमच्यासमोर दोन शाळा आहेत, दोन व्यवस्था नाहीत. दोन्हीकडे जाऊन या. पंधरा ऑगस्टला किंवा स्नेहसंमेलनाला जाऊ नका. एखाद्या साध्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, दुपारी दोनच्या सुमारास जा, कारण त्या वेळी दमलेली मुले आणि दमलेले शिक्षक काय करतात, त्यावरून शाळा कळते. तिसरीतील एका मुलाला दुसरीच्या पुस्तकातील न शिकवलेला उतारा वाचायला द्या आणि ५२ मधून २७ वजा करायला सांगा. ही काही माझी युक्ती नव्हे. 'असर' या पाहणीत घरोघरी जाऊन मुलांची अशीच परीक्षा घेतात. मग त्याची वही मागा. लाल शाई केवळ पानाच्या तळाशी बरोबरच्या खुणेत आहे, की चुकलेल्या शब्दाच्या डोक्यावरही आहे, ते पाहा. कॉन्व्हेंटमध्ये तुम्हाला कार्यालयाच्या पुढे जाऊ दिले नाही, तर तेही लक्षात ठेवा.

दोन शिक्षक आणि चार वर्ग हे सरकारी नियमाला धरूनच आहे, कारण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. एकाच खोलीत दोन वर्ग शिकवणे अवघड असते, अशक्य नसते. खरी अडचण एक शिक्षक बाहेर गेला की सुरू होते: बैठक असते, प्रशिक्षण असते, मतदार यादीचे काम असते, आणि त्या दिवशी चार वर्ग एकाच्या अंगावर पडतात. म्हणून मागच्या महिन्यात दोन्ही शिक्षक किती दिवस हजर होते, हे पालकांना विचारा. मास्तरांना विचारू नका.

भाषेबद्दल एवढेच सांगतो. पहिलीतल्या मुलाला "वखर" हा शब्द वाचायला शिकवताना मला फक्त अक्षरे शिकवावी लागत, कारण वखर त्याने पाहिलेला असे, कधीमधी त्यावर बसून फेरीही मारलेली असे. त्याच मुलाला इंग्रजी शब्द वाचायला शिकवताना अक्षर नवे, आवाज नवा आणि अर्थही नवा अशी तिप्पट चढण असते, आणि ती चढताना घरी हात धरणारे कोणी नसेल, तर मूल अर्थ सोडून देते आणि पाठांतर धरते. घरी इंग्रजी बोलणारे माणूस असेल तर हा मुद्दा बराच हलका होतो. तुमच्याकडे तसे कोणी आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही.

पुण्यातला वऱ्हाडी

मी अकोला जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि आज पुण्यात संगणक क्षेत्रात चांगल्या पदावर आहे. इंग्रजी पुढे आपोआप येते. ताई, निर्धास्तपणे गावच्या शाळेत घाला.

सालदाराची लेक

पुण्याच्या दादांना एक नम्र प्रश्न आहे. तुमच्यासोबत सातवीला जे होते, त्यांतील किती जण पुण्याला पोहोचले आणि किती जण आज दुसऱ्याच्या वावरात आहेत, हेही सांगाल का? आणि तुमची स्वतःची मुले पुण्यात कोणत्या माध्यमात शिकतात?

माझे वडील अठरा वर्षे एकाच पाटलाकडे सालदार होते. मी गावच्या शाळेत शिकले आणि आज शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणजे हिशेबाने मीही त्या शाळेची यशोगाथाच आहे. पण नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शरीररचनेच्या इंग्रजी पुस्तकाचे एक पान समजून घ्यायला मला रात्रभर शब्दकोश घेऊन बसावे लागत असे, आणि माझ्याहून हुशार असलेल्या दोघी मुली त्या पानापाशीच हरून घरी परतल्या. आम्हाला शिकवणाऱ्या मास्तरांची मुले तेव्हाही तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये जात होती. मातृभाषेचे महत्त्व आम्हाला नेहमी ज्यांची मुले इंग्रजीत शिकतात, त्यांनीच सांगितले आहे. खडू-फळा गुरुजी, हे तुम्हाला उद्देशून नाही. पण राग आहे, आणि तो लपवत नाही.

माझा मुलगा शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागांतून इंग्रजी शाळेत शिकतो आहे. ताईंनी हा मार्ग तपासलेला दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. विनाअनुदानित खासगी शाळेतील प्रवेशाच्या पहिल्या वर्गात एवढ्या जागा वंचित व दुर्बल गटांतील मुलांसाठी असतात. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि निवड सोडतीने होते. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना यातून वगळणारा नियम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला.

या मार्गातील दोन खाचखळगेही सांगते. ही सवलत आठवीपर्यंतच असते. नववीला पूर्ण फी समोर उभी राहते. आणि फी नसली तरी आमच्याकडून "उपक्रम शुल्क" म्हणून पैसे मागितले गेले, मी लेखी पावती मागितल्यावर तो विषय थांबला. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेतली जात असेल, तर तीही कायद्याने चालत नाही.

पुण्यातला वऱ्हाडी

प्रश्न रास्त आहे. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. वर्गातील इतरांचा मी कधी हिशेबच केला नव्हता.

आंबिया बहार (वरूड)

आमचा मोठा मुलगा नर्सरीपासून तिसरीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होता. तिथे रोज डायरीत इंग्रजीत एक-दोन ओळी लिहून येत. मला दहावीपुरते इंग्रजी येते, यांना तेवढेही नाही; म्हणून न समजलेली डायरी हे कृषी सेवा केंद्रात नेत आणि तिथला मालक, औषधांच्या डब्यांवरचे इंग्रजी वाचण्याची सवय असल्यामुळे, अर्थ सांगत असे.

एका दिवशी डायरीत "पाच पल्सेस" आणायला सांगितले होते. मालकाने बराच विचार करून सांगितले की हे नाडीबद्दल आहे, मुलाला नाडीचे ठोके मोजायला शिकवायचे असतील. यांनी रात्री त्याला मनगटावर बोट ठेवून ठोके मोजायला शिकवले. दुसऱ्या दिवशी वर्गातील मुलांनी पुड्यांमधून डाळी आणल्या होत्या आणि आमचा मुलगा रिकाम्या हाताने उभा होता. त्या वेळी आमच्या घरात तुरीची सात पोती रचलेली होती आणि तो त्यांवरच उड्या मारत असे. बाईंनी विचारल्यावर त्याने तूर, मूग, उडीद, हरभरा, बरबटी अशी पाच नावे धडाधड सांगितली. पण ती मराठीत होती, म्हणून त्याला खाली बसवले गेले नाही.

त्याच आठवड्यात मी त्याचे इंग्रजी पुस्तक घेऊन बसले. तो न अडखळता वाचत होता. मधली एक ओळ मी बोटाने झाकली, तरी तो ती वाचून पुढे गेला.

चौथीला आम्ही त्याला गावात आणले. एका हप्त्याची बाकी दाखवून त्या शाळेने दाखला अडवला. परंतु दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्यातच आहे, हे आमच्या मुख्याध्यापकांना ठाऊक होते आणि त्यांनी मुलाला लगेच वर्गात बसवले. जोडाक्षरे यायला दिवाळी उजाडली. आता तो अनुदानित संस्थेच्या शाळेत आठवीला, सेमी-इंग्रजीत आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. सगळे छान झाले असे मात्र नाही. कॉन्व्हेंटमध्ये असताना तो परक्या माणसाशी इंग्रजीत दोन वाक्ये बोलायला बिचकत नसे, तो धीटपणा गेला तो गेलाच.

सेलूचा रस्ता

मुख्य मुद्द्याला थोडे सोडून लिहितो. पहिली सात वर्षे शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून असावे, हा विचार ज्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडला, ती ऑक्टोबर १९३७ मध्ये आमच्या वर्ध्यातच भरली होती. आज त्याच जिल्ह्यातील आमच्या रस्त्यावर, जिनिंगच्या जुन्या गोदामात एक शाळा भरते आणि तिच्या फलकावर "सीबीएसई पॅटर्न" असे लिहिलेले आहे. हा "पॅटर्न" शब्द दिसला की थांबावे. मंडळाची संलग्नता वेगळी आणि पॅटर्न वेगळा. संलग्नता क्रमांक व यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदीतील क्रमांक) मागावा आणि शाळेला मान्यता कितव्या वर्गापर्यंत आहे, ते कागदावर पाहावे.

बहुवर्ग (वाशीम)

मी जिल्हा परिषदेच्या सेवेत आहे, म्हणून तालुका सांगत नाही. आमच्या बाजूचे दोष खडू-फळा गुरुजींनी लिहिले, त्यांत रिक्त जागांची भर घालते. शिक्षकाची बदली होते, जागा वर्षभर भरली जात नाही आणि त्या वर्षी पहिलीत असलेल्या मुलांचे वाचन कच्चे राहते ते कायमचे. ताई, तुमच्या शाळेतील दोघांपैकी कोणाची बदली जवळ आली आहे का, हे जरूर विचारा. असे प्रश्न विचारलेले आम्हाला आवडत नाहीत, पण तुम्ही विचारावेत. उलट बाजूला, कॉन्व्हेंटमध्ये पहिलीला कोण शिकवणार आहे, त्यांची डीएड किंवा बीएड झाली आहे का आणि गेल्या तीन वर्षांत त्या वर्गाला किती शिक्षिका आल्या आणि गेल्या, हेही विचारा. कमी पगारावर राबणाऱ्या त्या मुलींचा दोष नसतो. बरी नोकरी मिळताच त्या जातात, आणि जावेच.

आता ज्या गोष्टी पालकांना उशिरा कळतात, त्या सांगते. नवोदय विद्यालयातील सहावीच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. परंतु त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण सत्रे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागतात. तुमचे तालुक्याचे कॉन्व्हेंट नगर परिषदेच्या हद्दीत असेल, तर तुमची मुलगी रोज रात्री गावात झोपत असली तरी नवोदयच्या अर्जात शहरी ठरेल. नवोदयची परीक्षा मराठीतून देता येते. दुसरे म्हणजे आठवीतील एनएमएमएस शिष्यवृत्ती: नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, आणि ती केवळ सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांना मिळते, विनाअनुदानित शाळेतील मुलाला अर्जच करता येत नाही.

इंग्रजी हा विषय २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून आहे. तो कोण कसा शिकवतो, यात मात्र गावागणिक फरक आहे, आणि सालदाराची लेक यांचा राग मला तिथे पूर्ण पटतो. आमच्या शाळेत आम्ही रोज वीस मिनिटे केवळ बोलण्याचे इंग्रजी घेतो. ते पुरेसे नाही.

आणि उन्हाचाही विचार करा. विदर्भातील राज्य मंडळाच्या शाळा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये त्या २३ जूनला उघडल्या, उर्वरित राज्यात १६ जूनला. केंद्रीय मंडळाचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. सहा वर्षांच्या मुलीने एप्रिलच्या दुपारी चौदा किलोमीटर पत्र्याच्या गाडीतून परत यायचे, हे फीच्या कागदावर कुठे लिहिलेले नसते.

धुऱ्यावरची बोर

सर्वांचे आभार. गेल्या दहा दिवसांत दोन्हीकडे जाऊन आले आणि गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे दुपारीच गेले.

आमच्या शाळेत त्या दिवशी एकच मॅडम होत्या. सर मतदार यादीच्या कामाला गेले होते. चौथीची मुले ओसरीवर गणिते सोडवत होती, पहिली-दुसरी आत होती आणि खिचडीचे पातेले घासण्याचा आवाज चालू होता. तिसरीतील एका मुलीला उतारा दिला. ती दोन ठिकाणी अडखळली. दुसऱ्यांदा अडखळल्यावर तिने ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेतली, "पावसाळयात" असे वाचलेले स्वतःच "पावसाळ्यात" असे दुरुस्त केले आणि माझ्याकडे न पाहता पुढे गेली. वजाबाकी मात्र चुकली; हातचा घेतला आणि द्यायला विसरली. मॅडमची बदली दोन वर्षे होणार नाही. सरांची होऊ शकते.

कॉन्व्हेंटमध्ये माणसे नम्र होती, चहा दिला. वर्ग काचेतून दाखवला. पहिलीत अठ्ठेचाळीस मुले आहेत. शिकवणाऱ्या मॅडम फार तरुण आणि मनापासून शिकवणाऱ्या वाटल्या, पण त्या या वर्गाला चालू वर्षातील दुसऱ्या आहेत. वह्या पाहायला मिळाल्या नाहीत. जाऊबाईंच्या मुलाजवळ घरीच बसले. त्याचे नाव घेऊन इथे अधिक लिहिणे बरे नाही, तो गुणी मुलगा आहे.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर: घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही. सालदाराची लेक ताई, २५ टक्क्यांचा अर्ज आम्ही करणार होतो, पण उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या वर जातो आणि आम्ही खुल्या प्रवर्गात आहोत.

चौथीपर्यंत मुलीला गावच्या शाळेत ठेवायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. सासरे राजी नाहीत आणि सध्या माझ्याशी कामापुरतेच बोलतात. ३९,००० पैकी काही रक्कम इंग्रजीच्या शिकवणीसाठी बाजूला ठेवणार आहे. गावातील एक मुलगी बीए करून घरी आहे, तिला विचारले आहे. पाचवीला अनुदानित शाळेचे सेमी-इंग्रजी की आणखी काही, ते तेव्हा पाहू. दोन्ही शिक्षक एकाच दिवशी बाहेर जाऊ नयेत आणि सरांची बदली झालीच तर जागा रिकामी राहू नये, यासाठी शाळा व्यवस्थापन समितीत जाण्याचा विचार आहे. बहुवर्ग ताई, त्यासाठी काय करावे लागते?

बहुवर्ग (वाशीम)

समितीतील तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात, त्यामुळे तुम्हाला जागा आहे. मुलीचे नाव पटावर आले की तुम्ही पालक म्हणून पात्र ठरता. समिती दर दोन वर्षांनी नव्याने निवडली जाते आणि निवड पालकसभेत होते. पुष्कळ गावांत ती सभा कागदावरच उरकली जाते, म्हणून मुख्याध्यापकांना आताच भेटून सभेची तारीख लेखी कळवण्याची विनंती करा. सभेला एकट्या जाऊ नका, पहिली-दुसरीच्या चार-पाच आयांना सोबत न्या. वेचणीच्या दिवसांत सभा ठेवली तर बाया येत नाहीत. ती शाळा उघडल्यानंतर, पण निंदणाची घाई सुरू होण्याआधी घ्यायला सांगा.